‘क्वाइट’ म्हणजे नेमके किती? एका इंग्रजी शब्दाचा अर्थ आणि वापर, पायरीपायरीने

काही वर्षांपूर्वी एका ब्रिटिश ग्राहकाचा अभिप्राय मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आले होते. एका माहितीपुस्तिकेच्या पहिल्या मसुद्याबद्दल त्याने लिहिले होते, ‘द फर्स्ट सेक्शन इज क्वाइट गुड.’ मी भाषांतर केले, ‘पहिला भाग फारच चांगला झाला आहे.’ ज्या मंडळींनी तो मसुदा लिहिला होता ती खूश झाली, पहिल्या भागाला कोणी हात लावला नाही, आणि पुढच्या फेरीत तोच भाग ‘हा अजून तसाच कसा?’ अशा प्रश्नासह परत आला. ग्राहकाचे म्हणणे ‘पहिला भाग बरा आहे, पण...’ असे होते. तो ‘पण’ त्याने लिहिला नव्हता, कारण त्याच्या लेखी तो ‘क्वाइट’ या शब्दातच येऊन गेला होता. चूक सर्वस्वी माझी होती, आणि तेव्हापासून हा शब्द दिसला की मी थांबून पाहतो.

‘क्वाइट’ हे परिमाणवाचक क्रियाविशेषण आहे, म्हणजे एखादा गुण किंवा क्रिया किती प्रमाणात आहे हे सांगणारा शब्द. ‘व्हेरी’, ‘टू’, ‘फेअरली’, ‘रादर’, ‘एक्स्ट्रीमली’ हे त्याचे भाऊबंद. परंतु ‘व्हेरी’ नेहमी एकाच दिशेला ओढतो, तर ‘क्वाइट’ कधी गुण वाढवतो, कधी आवरता घेतो आणि कधी शंभर टक्के भरतो. शब्दकोशात त्याच्यापुढे ‘पूर्णपणे’ आणि ‘बऱ्यापैकी’ असे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी छापलेले असतात, आणि त्यांपैकी कोणता घ्यायचा हे वाचकाने ठरवायचे असते. ते कसे ठरवावे, याचा क्रम पुढे दिला आहे.

आधी स्पेलिंग आणि उच्चार

हे काम दोन मिनिटांचे आहे, पण ते टाळल्याने होणाऱ्या चुका मी रोज पाहतो. ‘क्वाइट’चे स्पेलिंग क्यू-यू-आय-टी-ई असे आहे. शेवटचा ‘ई’ मुका असून संपूर्ण शब्द एका झटक्यात उच्चारला जातो. शांत या अर्थाचा ‘क्वायट’ क्यू-यू-आय-ई-टी असा लिहितात आणि त्याचे दोन तुकडे ऐकू यावे लागतात, साधारण ‘क्वाय-अट्’ असे. सोडून देणे या अर्थाच्या ‘क्विट’मध्ये तो ‘ई’ मुळी नाहीच. मराठी तोंडात पहिल्या दोन शब्दांचा उच्चार सहसा एकच होतो, आणि मग लिहितानाही ते एकमेकांच्या जागी जाऊन बसतात. संगणकाचा स्पेलिंग तपासनीस ही चूक बहुधा पकडत नाही, कारण दोन्ही शब्द आपापल्या जागी बरोबरच असतात. एक सोपी खूण अशी की, आपल्या मजकुरात ‘व्हेरी क्वाइट’ असे आढळले, तर तेथे जवळजवळ नक्कीच ‘क्वायट’ लिहायचे होते. ‘क्वाइट’च्या आधी ‘व्हेरी’ कधीच येत नाही.

अर्थ दोन का झाले

हे तिन्ही शब्द एकाच घरातले आहेत. लॅटिनमध्ये ‘क्विएतुस’ म्हणजे विसावलेला, शांत. तेथून जुन्या फ्रेंचमध्ये ‘मोकळा, ऋणातून सुटलेला’ असा अर्थ आला, आणि इंग्रजीत त्याच्या वेगवेगळ्या फांद्या फुटल्या. ‘वी आर क्विट्स’ म्हणजे आपले फिट्टंफाट झाले. न्यायालय आरोपीला ‘अ‍ॅक्विट’ करते, म्हणजे आरोपातून मोकळे करते. १९४२ साली मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘क्विट इंडिया’ची जी हाक दिली गेली, तीही याच कुळातली.

हिशेब पुरता मिटला, काही शिल्लक उरली नाही, या कल्पनेतून क्रियाविशेषण झालेल्या ‘क्वाइट’ला पहिला अर्थ मिळाला तो ‘पुरता, पूर्णपणे’ असा. ‘बऱ्यापैकी’ हा सौम्य अर्थ पुष्कळ नंतरचा आहे. जुना अर्थ मात्र गेला नाही. तो ठरावीक शब्दांच्या सोबतीने टिकून राहिला. म्हणूनच आज ‘क्वाइट’चा अर्थ त्या शब्दात शोधण्याऐवजी त्याच्या पुढच्या शब्दात शोधावा लागतो.

पायरी पहिली : पुढचा शब्द कोणत्या जातीचा आहे ते पाहा

विशेषणांच्या दोन जाती मनात धराव्यात. काही गुणांना चढ-उतार असतो. थंडी कमी असते, जास्त असते. वस्तू थोडी महाग असते, फार महाग असते. ‘गुड’, ‘कोल्ड’, ‘टायर्ड’, ‘एक्स्पेन्सिव्ह’, ‘डिफिकल्ट’, ‘बिग’ ही अशी विशेषणे आहेत. दुसऱ्या जातीतील गुण एक तर असतो किंवा नसतो, अथवा तो आधीच टोकाला पोहोचलेला असतो. ‘इम्पॉसिबल’, ‘राँग’, ‘डेड’, ‘फिनिश्ड’, ‘परफेक्ट’, ‘एग्झॉस्टेड’, ‘फ्रीझिंग’, ‘एक्सलंट’ ही त्यांची उदाहरणे.

व्याकरणाच्या पुस्तकात यासाठी जड संज्ञा आहेत, पण मराठी माणसाला त्यांची गरज पडू नये, कारण हा भेद आपल्या जिभेवर आहेच. आपण ‘थोडे थंड’ म्हणतो, ‘थोडे थंडगार’ कधी म्हणत नाही. ‘थोडा काळा’ चालतो, ‘थोडा काळाकुट्ट’ कानाला खटकतो. याउलट ‘अगदी थंडगार’ आणि ‘अगदी काळाकुट्ट’ सहज बोलले जाते. हीच कसोटी इंग्रजी विशेषणाला लावावी. त्याच्या मराठी अर्थापुढे ‘थोडा’ बसतो का हे पाहावे. बसत असेल, तर ‘क्वाइट’चा अर्थ प्रमाणाचा, म्हणजे ‘बऱ्यापैकी’ किंवा ‘बराच’. ‘थोडा’ बसत नसून ‘अगदी’, ‘साफ’ किंवा ‘पुरता’ बसत असेल, तर अर्थ पूर्णत्वाचा.

‘आय अ‍ॅम क्वाइट टायर्ड’ म्हणजे मी बऱ्यापैकी थकलो आहे. अजून एक काम सांगितले, तर कदाचित करीन. ‘आय अ‍ॅम क्वाइट एग्झॉस्टेड’ म्हणजे मी पुरता गळून गेलो आहे, आता काही सांगू नका. दोन्ही वाक्यांत ‘क्वाइट’ तोच, अर्थाचा पल्ला मात्र वेगळा. याहून बोलके उदाहरण ‘पॉसिबल’ आणि ‘इम्पॉसिबल’ या जोडीचे आहे. ‘इट इज क्वाइट इम्पॉसिबल’ म्हणजे ते साफ अशक्य आहे. ‘इट इज क्वाइट पॉसिबल’ याचा अर्थ ‘ते पूर्णपणे शक्य आहे’ असा घेतला तर फसगत होते; बोलणाऱ्याला ‘तसे असू शकेल, सहज असू शकेल’ एवढेच सुचवायचे असते.

या कसोटीला अपवाद आहेत आणि ते पाठच करावेत, कारण ते फार वापरातले आहेत. ‘थोडा वेगळा’ असे आपण म्हणतो, त्यामुळे ‘डिफरंट’ हे चढ-उताराचे विशेषण वाटते. प्रत्यक्षात ‘क्वाइट डिफरंट’ म्हणजे सर्वस्वी निराळा. तीच गत ‘शुअर’, ‘सर्टन’, ‘राइट’, ‘क्लिअर’, ‘सेफ’, ‘रेडी’ यांची. ‘आर यू क्वाइट शुअर?’ या प्रश्नाचे मराठी ‘तुम्हाला बऱ्यापैकी खात्री आहे का?’ असे होत नाही. ते ‘तुमची अगदी पक्की खात्री आहे ना?’ असे होते.

‘हॅपी’ हे विशेषण दोन्हीकडे खेळते. ‘आय अ‍ॅम क्वाइट हॅपी विथ द रिझल्ट’ यात समाधान आहे, पण मोजून मापून. ‘आय अ‍ॅम क्वाइट हॅपी टू वेट’ यात आनंदाचा काही संबंधच नाही. ‘मी थांबायला तयार आहे, माझी मुळीच हरकत नाही’ असे ती व्यक्ती सांगत असते, आणि येथे ‘क्वाइट’ पूर्णत्वाचा आहे.

पायरी दुसरी : बोलणारा कोठला आहे ते विचारात घ्या

पूर्णत्वाच्या अर्थाबाबत ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात वाद नाही. ‘क्वाइट इम्पॉसिबल’ दोन्हीकडे साफ अशक्यच असते. घोळ होतो तो चढ-उताराच्या विशेषणांपुढे. ब्रिटिश वापरात ‘क्वाइट गुड’ हे ‘गुड’पेक्षा किंचित खालचे असते, तर अमेरिकी वापरात ते सामान्यतः ‘व्हेरी गुड’च्या जवळ जाते. न्यू जर्सीतल्या भावाने ‘द हाउस इज क्वाइट बिग’ असे कळवले, तर घर चांगलेच मोठे असावे. लंडनमधल्या बहिणीने तेच वाक्य लिहिले, तर तेथे पाहुण्यांची सोय होईल, पण सगळ्या गोतावळ्याने एकाच वेळी जाऊ नये.

आपले भारतीय इंग्रजी या दोन्हींच्या मध्ये लोंबकळते. शाळेतले व्याकरण ब्रिटिश वळणाचे, पडद्यावर ऐकू येणारे बोलणे बव्हंशी अमेरिकी. त्यामुळे एखादा मराठी माणूस इंग्रजीत ‘क्वाइट नाइस’ म्हणतो, तेव्हा त्याला कौतुकच करायचे असते, असा माझा अनुभव आहे. घरगुती बोलण्यात त्याने काही बिघडत नाही. शिफारसपत्रात मात्र बिघडू शकते. ‘शी इज अ‍ॅन एक्सलंट स्टुडंट’ असे लिहिण्याऐवजी कोणी प्रेमाने ‘शी इज क्वाइट अ गुड स्टुडंट’ असे लिहिले आणि ते पत्र ब्रिटनमधील विद्यापीठात गेले, तर तेथील वाचकाला त्यात हात आखडता घेतलेला दिसेल. ‘मुलगी तशी बरी आहे’ या वाक्यावर कोणी शिष्यवृत्ती देत नाही.

पायरी तिसरी : बोलण्यात आघात कोठे आहे ते ऐका

ही पायरी ब्रिटिश बोलण्यापुरती आहे, आणि मला ती सर्वांत रंजक वाटते. ‘द फिल्म वॉज क्वाइट गुड’ हे वाक्य दोन प्रकारे म्हणता येते. ‘क्वाइट’वर जोर देऊन तो किंचित लांबवला, तर अर्थ खाली येतो : चित्रपट बरा होता, पण फार अपेक्षा ठेवून जाऊ नका. जोर ‘गुड’वर पडला, तर अर्थ वर जातो : चित्रपट चांगला निघाला, मला वाटले होते त्याहून चांगला.

मराठीत आपण हेच काम ‘बरा’ या शब्दाकडून करून घेतो. ‘कसा आहे मुलगा?’ या प्रश्नावर ‘ब-रा आहे’ असे ओढून म्हटले की विचारणारा पुढचे स्थळ पाहू लागतो. त्याच शब्दाला ‘च’ जोडून ‘बराच शिकलेला आहे’ म्हटले की तो सावरून बसतो. इंग्रजीजवळ हा ‘च’ नाही, म्हणून ते काम आवाजाच्या चढ-उतारावर सोपवलेले आहे.

अडचण अशी की लेखनात आवाज नसतो. अशा वेळी पुढचे वाक्य वाचावे. ‘क्वाइट गुड’नंतर ‘बट’, ‘दो’, ‘हाउएव्हर’ असे काही येत असेल, तर अर्थ खालचा धरावा. ‘अ‍ॅक्च्युअली’ किंवा ‘इन फॅक्ट’ हे शब्द आधी आलेले असतील, तर लिहिणाऱ्याला सुखद आश्चर्य वाटले आहे असे समजावे. यांपैकी काहीच नसेल आणि लिहिणारा ब्रिटिश असेल, तर ‘बरा’ हा अर्थ घेणे सुरक्षित.

पायरी चौथी : ‘अ’ आणि ‘अ‍ॅन’ कोठे ठेवायचे

‘व्हेरी’ आणि ‘फेअरली’ यांच्या आधी ‘अ’ येतो : ‘अ व्हेरी गुड बुक’, ‘अ फेअरली गुड बुक’. ‘क्वाइट’मध्ये क्रम उलटतो : ‘क्वाइट अ गुड बुक’. ‘अ क्वाइट गुड बुक’ हे अगदीच चूक नसले, तरी क्वचित आढळते आणि शिकणाऱ्याने टाळलेले बरे. ‘रादर’ला दोन्ही क्रम चालतात.

येथे आपली नेहमीची चूक होते ती न मोजता येणाऱ्या नामांबाबत. ‘वेदर’, ‘अ‍ॅडव्हाइस’, ‘इन्फर्मेशन’, ‘फर्निचर’ यांना ‘अ’ लागतच नाही, त्यामुळे ‘क्वाइट अ गुड वेदर’ असे लिहिता येत नाही. ‘क्वाइट गुड वेदर’ एवढेच लिहावे. अनेकवचनी नामांनाही हाच नियम लागू पडतो : ‘क्वाइट गुड बुक्स’.

मधले विशेषण गाळून ‘क्वाइट अ’नंतर थेट नाम आले, तर अर्थाचा रंगच बदलतो. ‘इट वॉज क्वाइट अ पार्टी’ म्हणजे काय पार्टी झाली म्हणता! ‘दॅट्स क्वाइट अ स्टोरी’ म्हणजे भलतीच गोष्ट ऐकवलीत. येथे ‘बऱ्यापैकी’चा मागमूस नसतो, बोलणारा चकित झालेला असतो. ‘क्वाइट द’ ही रचना थोडी खट्याळ आहे. ‘यू आर क्वाइट द एक्स्पर्ट’ हे कौतुक असू शकते किंवा ‘मोठे तज्ज्ञच लागून गेलात’ असा टोमणाही असू शकतो, आणि ते चेहऱ्यावरूनच कळते.

पायरी पाचवी : ‘क्वाइट अ फ्यू’चा सापळा

‘फ्यू’ म्हणजे थोडे, ‘अ फ्यू’ म्हणजे काही, तेव्हा ‘क्वाइट अ फ्यू’ म्हणजे अगदीच थोडे, असा हिशेब सुशिक्षित माणसेही मांडतात. खरा अर्थ नेमका उलटा, म्हणजे ‘बरेच’ असा आहे. ‘क्वाइट अ फ्यू पीपल केम’ म्हणजे बरीच माणसे आली, चांगली गर्दी होती. ‘अगदीच थोडी आली’ असे सांगायचे असेल, तर ‘ओन्ली अ फ्यू’ किंवा ‘व्हेरी फ्यू’ असे म्हणावे लागते.

असेच ‘क्वाइट अ बिट’, ‘क्वाइट अ लॉट’, ‘क्वाइट अ व्हाइल’ आणि ‘क्वाइट सम टाइम’. ‘बिट’ म्हणजे तुकडा, पण ‘क्वाइट अ बिट ऑफ मनी’ म्हणजे बऱ्यापैकी मोठी रक्कम. बैठकीचा अहवाल किंवा कराराचा पत्रव्यवहार मराठीत आणताना ही एक चूक झाली, तर तक्रारींची संख्या ‘बऱ्याच’वरून ‘मोजक्या’वर येते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण मराठी वाक्य वाचायला सुरळीत असते.

पायरी सहावी : नकार आला की अर्थ बदलतो

‘जेवण फारसे चांगले नव्हते’ याचे इंग्रजी आपल्याकडे सर्रास ‘द फूड वॉज नॉट क्वाइट गुड’ असे केले जाते. ते बरोबर नाही. आपल्या ‘फारसे नाही’साठी इंग्रजीत ‘नॉट व्हेरी’ किंवा ‘नॉट दॅट’ आहे : ‘द फूड वॉज नॉट व्हेरी गुड.’ नकारात ‘क्वाइट’ जवळजवळ नेहमी आपल्या जुन्या, पूर्णत्वाच्या अर्थानेच येतो, म्हणून ‘नॉट क्वाइट’ म्हणजे ‘पूर्णपणे नाही, थोडे उरले आहे’. ‘नॉट क्वाइट रेडी’ म्हणजे तयारी होत आली आहे, थोडी बाकी आहे. ‘नॉट क्वाइट द सेम’ म्हणजे तंतोतंत तेच नव्हे. ‘आय डोन्ट क्वाइट अंडरस्टँड’ म्हणजे मला नीटसे कळले नाही.

या शेवटच्या वाक्यातला नीटसेपणा बहुधा सभ्यतेपुरताच असतो. ब्रिटिश माणूस ‘आय अ‍ॅम नॉट क्वाइट शुअर अबाउट धिस’ असे म्हणतो, तेव्हा त्याला पुष्कळदा ‘हे मला मुळीच पटलेले नाही’ असे सुचवायचे असते. आपणही ‘बघू’ म्हणून नकार देतोच की! अशा जागी भाषांतर करताना मी शब्द सौम्यच ठेवतो, आणि गरज वाटल्यास काम देणाऱ्याला वेगळे सांगतो की हा नकार दिसतो.

पायरी सातवी : क्रियापदासोबत

‘व्हेरी’ थेट क्रियापदापुढे येत नाही. ‘आय व्हेरी लाइक इट’ हे चूक आहे. ‘क्वाइट’ला ती मुभा आहे. तो मुख्य क्रियापदाच्या आधी आणि साहाय्यक क्रियापदाच्या नंतर बसतो : ‘आय क्वाइट लाइक इट’, ‘आय हॅव क्वाइट फरगॉटन’, ‘आय हॅवन्ट क्वाइट फिनिश्ड’. अर्थाची वाटणी येथेही विशेषणांसारखीच आहे. आवडणे ही चढ-उताराची गोष्ट असल्याने ‘क्वाइट लाइक’ आणि ‘क्वाइट एन्जॉय’ म्हणजे बऱ्यापैकी आवडणे. पटणे, समजणे, विसरणे यांत ‘क्वाइट’ पूर्णत्वाचा असतो, म्हणून ‘आय क्वाइट अग्री’ म्हणजे मला पूर्णपणे मान्य आहे. सभेत कोणी असे म्हटले आणि आपण ‘हे अंशतः सहमत आहेत’ अशी नोंद केली, तर इतिवृत्त चुकले.

सहमतीचा हाच भाव एका शब्दातही सांगता येतो. समोरच्याच्या बोलण्यावर नुसते ‘क्वाइट’ किंवा ‘क्वाइट सो’ म्हणणे म्हणजे ‘अगदी बरोबर’. हे जुन्या वळणाचे ब्रिटिश बोलणे आहे. आज आपल्यापैकी कोणी तसे बोलला, तर थोडे नाटकी वाटेल, पण ऐकले की कळले पाहिजे. ‘हॅव यू क्वाइट फिनिश्ड?’ हे वाक्यही ध्यानात ठेवावे. दिसायला तो साधा प्रश्न आहे. प्रत्यक्षात त्याचा अर्थ ‘झाले का तुमचे बोलून?’ असा असतो, आणि तो विचारणारा माणूस रागावलेला असतो. ‘दॅट्स क्वाइट इनफ’ म्हणजे बस, पुरे झाले.

पायरी आठवी : जेथे ‘क्वाइट’ चालत नाही

तुलना करताना मराठी माणूस ‘धिस इज क्वाइट बेटर’ असे हमखास लिहितो. तर-भावाच्या, म्हणजे ‘अधिक चांगला’ अशी तुलना सांगणाऱ्या, रूपापुढे ‘क्वाइट’ थेट येत नाही. ‘मच बेटर’, ‘अ लॉट बेटर’, ‘रादर बेटर’ किंवा ‘क्वाइट अ बिट बेटर’ असे लिहावे. एकच अपवाद आहे : आजारपणातून उठलेला माणूस ‘आय अ‍ॅम क्वाइट बेटर नाउ’ असे म्हणू शकतो, आणि तेथे अर्थ ‘मी आता पूर्ण बरा झालो आहे’ असा असतो. तम-भावाला, म्हणजे ‘सर्वांत चांगला’ असे सांगणाऱ्या रूपाला, ‘क्वाइट’ चालतो, पण ‘द’सह : ‘क्वाइट द बेस्ट’, म्हणजे निःसंशय सर्वोत्तम. ‘टू’च्या आधीही तो येत नाही. ‘क्वाइट टू लेट’ असे न लिहिता ‘मच टू लेट’ किंवा ‘फार टू लेट’ असे लिहावे.

एक पत्र उलगडून पाहू

आता हे सारे एकत्र लावून पाहू. एका ब्रिटिश संपादकाने पुढील मजकूर पाठवला आहे असे समजा. सहा वाक्यांत सहा वेळा ‘क्वाइट’ कोणी लिहीत नाही, हा मजकूर सरावासाठी मीच रचला आहे.

‘आय क्वाइट लाइक द ओपनिंग. द सेकंड पार्ट इज क्वाइट लाँग. आय अ‍ॅम नॉट क्वाइट शुअर हू इट इज फॉर. देअर आर क्वाइट अ फ्यू स्पेलिंग मिस्टेक्स. द टेबल ऑन द लास्ट पेज इज क्वाइट राँग. आय अ‍ॅम क्वाइट हॅपी टू वेट टिल मंडे.’

पहिल्या वाक्यात क्रियापद आवडण्याचे, लिहिणारा ब्रिटिश. म्हणून ‘सुरुवात मला बऱ्यापैकी आवडली’. ‘फारच आवडली’ असे केले, तर माझीच जुनी चूक पुन्हा होईल. दुसऱ्यात ‘लाँग’ हे चढ-उताराचे विशेषण, आणि तक्रारीच्या सुरात. ‘दुसरा भाग जरा लांबला आहे’. येथे मी मुद्दाम ‘जरा’ घेतो, कारण मराठीत सभ्य तक्रार ‘जरा’नेच होते. तिसऱ्यात नकार आहे. ‘तो नेमका कोणासाठी लिहिला आहे हे मला नीटसे कळले नाही’, आणि या सौम्य वाक्यातच त्या भागावरचा मोठा आक्षेप दडलेला आहे हे लेखकाला सांगायला हवे. चौथे, ‘शुद्धलेखनाच्या बऱ्याच चुका आहेत’. पाचव्यात ‘राँग’ म्हणजे चूक की बरोबर एवढाच प्रश्न. ‘शेवटच्या पानावरील तक्ता साफ चुकला आहे’. सहावे, ‘सोमवारपर्यंत थांबायला माझी काहीच हरकत नाही’.

एकाच इंग्रजी शब्दासाठी ‘बऱ्यापैकी’, ‘जरा’, ‘नीटसे’, ‘बऱ्याच’, ‘साफ’ आणि ‘काहीच’ असे सहा मराठी शब्द लागले. ज्या भाषांतरात ‘क्वाइट’साठी पानभर एकच प्रतिशब्द दिसतो, ते मी पुन्हा तपासायला घेतो.

स्वतः लिहिताना

वाचताना अर्थ ओळखणे जमले, तरी स्वतःच्या लेखनात हा शब्द कितपत वापरावा याविषयी माझे मत थोडे कडक आहे. टोकाच्या विशेषणांपुढे, ‘नॉट क्वाइट’मध्ये आणि ‘क्वाइट अ फ्यू’सारख्या ठरलेल्या जोड्यांत तो निःसंकोच वापरावा, कारण तेथे दोन अर्थ निघत नाहीत. चढ-उताराच्या विशेषणांपुढे मात्र, विशेषतः वाचणारा कोणत्या देशातला आहे हे ठाऊक नसताना, तो टाळावा. ‘बऱ्यापैकी’ म्हणायचे असेल तर ‘फेअरली’ लिहावे, ‘फार’ म्हणायचे असेल तर ‘व्हेरी’, आणि ‘पूर्णपणे’ म्हणायचे असेल तर ‘कम्प्लीटली’ किंवा ‘एन्टायरली’. अहवालात तर यांपैकी कशाचीही गरज नसते. ‘द कॉस्ट इज क्वाइट हाय’ असे लिहिण्यापेक्षा खर्चाचा आकडा लिहावा, आणि तो जास्त आहे की नाही हे वाचणाऱ्याला ठरवू द्यावे.

शिफारसपत्र, कामाचे मूल्यमापन आणि भाड्याच्या घराची जाहिरात या तीन ठिकाणी मी ‘क्वाइट’ दिसला की तो आधी खोडतो आणि मग वाक्य पुन्हा वाचतो. बहुतेक वेळा त्याच्या जागी दुसरे काही लिहावे लागत नाही.